पऱ्हाटीचं झाड आणि तिसरी ब

आधीच सांगून टाकते, आमचं झाड सगळ्या शाळेत भारी ठरलं. शेवट आधी कळला की मजा जाते असं म्हणणारे लोक असतात. पण मी शिक्षिका आहे, निकाल पोटात दाबून ठेवणं मला वर्षातून एकदाच, परीक्षा संपल्यावर जमतं. शिवाय झाड भारी ठरलं एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. खरा प्रश्न वर्गातल्या एका मुलीचा होता आणि त्याचं उत्तर कार्यक्रम संपेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं.

आमची शाळा परभणीत आहे. डिसेंबर लागला की आमच्याकडे नाताळाचे वारे वाहायला लागतात. प्रत्येक वर्गाने आपलं झाड सजवायचं, चांदण्या करायच्या, सांताक्लॉज उभा करायचा. मुख्याध्यापक मॅडम सगळ्या वर्गांतून चक्कर मारतात आणि त्यांना आवडलेलं झाड स्टेजजवळ जातं. त्या वर्गाची मुलं पुढे उभी राहून गाणं म्हणतात. बक्षीस वगैरे काही नाही. तरी दरवर्षी ते झाड तिसरी अ चं असतं, आणि मी तिसरी ब ची वर्गशिक्षिका आहे, त्यामुळे मला नाताळ आला की आधी पित्त होतं. अ च्या मॅडमकडे घडीचं प्लॅस्टिकचं झाड आहे. त्यावर दुकानातले चकचकीत गोळे, लुकलुकणारी माळ आणि बर्फ म्हणून मेडिकलमधला कापूस. दरवर्षी तेच झाड, तेच गोळे. मुलांनी त्यात काय केलं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यानंतर आठवडाभर आम्ही डबा वेगवेगळा खाल्ला.

आता त्या मुलीचं सांगते. जूनमध्ये ती माझ्या वर्गात आली. दुसरीपर्यंत पेडगावला, गावातल्या शाळेत होती. इकडे शाळेच्या गाडीने यायची, दोन घट्ट वेण्या, दप्तर पाठीपेक्षा मोठं. पहिल्या दिवशी मी नाव-गाव विचारलं तर ती उठून खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, मी लय लांबून येते." सगळा वर्ग खिदळला. आमच्याकडे मुलं मला मॅडम म्हणतात, आणि 'लय' हा शब्द घरी आजी-आजोबांनी वापरला तरी आया डोळे वटारतात. मी वर्गाला गप्प केलं, पण ती मात्र कायमची गप्प झाली. दिवाळीपर्यंत नुसती मान हलवून काम भागवायला लागली. हजेरीला सुद्धा हात वर.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिची आई भेटायला आली. शेतातून तशीच आली असावी, कारण पदराला कापसाचे तंतू चिकटले होते. दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, पोरगी रोज सकाळी पोट दुखायलंय म्हणती. शाळेची गाडी दिसली की रडायली. गावात होती तवा सुटीच्या दिवशी बी शाळंकडं पळायची. नाताळापातूर बघते मी. न्हाई रमली तर जानेवारीपासून गावच्याच शाळंत घालते, आमचा काय हट्ट न्हाई."

"रमेल हो," मी म्हणाले. किती सहज म्हणाले! ती गेल्यावर मला माझाच राग आला. पाच महिने मी त्या पोरीसाठी काय केलं होतं? इतरांना दटावलं, बस. दटावून कुणी रमत नाही हे कळायला मला पंधरा वर्षं नोकरी करावी लागली.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी वर्गात झाडाचा विषय काढला. बर्फाने झाकलेल्या झाडाचं चित्र दाखवलं. आमच्या पोरांचा बर्फ म्हणजे रसवंतीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी नाहीतर गोळेवाल्याचा. एकाने शंका काढली की गोळ्याचा बर्फ तर लाल असतो, हा पांढरा कसा. त्या गोंधळात मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, "आमच्या शेतात हाय असं झाड. पांढरंफेक."

"शेतात बर्फ पडतो म्हणे!" एक जण ओरडला आणि वर्ग पुन्हा हसला. तिचा चेहरा उतरला. पण या वेळी ती खाली बसली नाही. "बर्फ न्हाई. बर्फावानी. कापूस हाय, पऱ्हाटीवरचा," ती म्हणाली. "मी आणते."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कापसाच्या उभ्या झाडाला आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. अंगभर फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला फुटलेलं पांढरं बोंड. देवाने आयतं सजवून दिलेलं झाड आमच्या चहूबाजूंनी उभं असताना आम्ही प्लॅस्टिक पुसत बसलो होतो! मी तिथल्या तिथे जाहीर केलं की तिसरी ब चं झाड पेडगावच्या शेतातून येणार आणि आणण्याचा जिम्मा हिचा.

झाड यायला आठवडा होता, तोवर बाकीची कामं काढली. दिवाळीचे आकाशकंदील माळ्यावर टाकलेले असतातच. त्यांचे कागद फाटले तरी कामट्यांचा सांगाडा चांगला राहतो. मुलांनी असे चांदणीच्या आकाराचे सांगाडे आणले आणि वर चिकटवायला लग्नपत्रिका. पत्रिकांचा कागद जाड, सोनेरी, आणि घरोघरी ढीगभर. पण कात्र्या चालायला लागल्या तशी एक अडचण आली. प्रत्येक पत्रिकेवर गणपती आणि गणपतीला कात्री लावायला एकही पोर तयार होईना. एका मुलाच्या पत्रिकेवर महादेवाची पिंड होती. घरी रोज पूजा करून, कपाळाला भस्म लावून शाळेत येणारा तो मुलगा पत्रिका छातीशी धरूनच बसला. शेवटी ठरलं की देव अख्खे ठेवायचे आणि कडेकडेनं कापायचं. त्यामुळे आमच्या नाताळच्या चांदण्यांच्या मधोमध गणपती बसले, एकीवर महादेव. मी ते तसंच राहू दिलं आणि आजही मला त्याचा अभिमान आहे.

सांताक्लॉजची गाडी मात्र जमेना. पुठ्ठ्याची केली ती लोळली. तेव्हा ती मुलगी दुसऱ्या दिवशी घरून ज्वारीची वाळलेली धांडं घेऊन आली. दातांनी साल सोलायची, आतलं भेंड मोडायचं, आणि सालीच्याच बारीक काड्या खिळ्यांसारख्या खुपसून जोडायचं. बघता बघता चाकं, धुरा, जू असलेली बैलगाडी तयार झाली. मुलं तिच्याभोवती गोळा झाली. "मला शिकव, मला शिकव" सुरू झालं. साल कापते, म्हणून तिने प्रत्येकाचं बोट धरून दाखवलं. बोलली काही नाही, पण दाखवताना तिची मान ताठ होती. गाडीला पोळ्याचे मातीचे बैल जुंपले, एकाचं शिंग मोडलेलं. आमचा सांताक्लॉज उत्तर ध्रुवावरून बैलगाडीने निघाला तर मार्चपर्यंत पोचला असता, पण रुबाबात आला असता.

मग पऱ्हाट्या आल्या. शाळेच्या गाडीच्या टपावर सुतळीने आवळून बांधलेल्या. गाडीवाला कुरकुरत होता, पोरं टाळ्या पिटत होती. खाली उतरवल्या आणि सगळ्यांचे हात थांबले. चार चांगल्या उंच पऱ्हाट्या आणि त्यांवर कापसाचा एक तंतू नाही. फुटलेल्या बोंडांची नुसती टोकदार टरफलं, आणि मध्ये मध्ये मिटलेली, हिरवट तपकिरी बोंडं. तीन झाडू उलटे उभे केले असते तरी जास्त शोभा आली असती.

झालं असं होतं की पऱ्हाट्या कापल्या वडिलांनी, पण गाडीवर चढवायच्या आधी आईने त्या वेचून स्वच्छ केल्या. मी फोन लावला तर ती बाई अगदी सरळ मनाने म्हणाली, "मॅडम, झाडावर कापूस ठिवून कुणी पऱ्हाटी देतंय व्हय? शाळंत द्यायची म्हणून चांगली येचून दिली." तिचंही बरोबरच होतं. पाहुण्याकडे भांडं देताना आपण घासूनच देतो. दुसऱ्या पांढऱ्या पऱ्हाट्या मिळतील का विचारलं, तर सगळ्या रानातली वेचणी उरकली होती आणि पऱ्हाट्या उपटायचं काम चाललं होतं.

अ तुकडीतली दोन मुलं खिडकीशी येऊन "बर्फ वितळला, बर्फ वितळला" करून गेली. ती मुलगी पऱ्हाटीजवळ उभी होती. डोळे भरले होते, पण पाणी गालावर येऊ देत नव्हती. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "काळजी नको करू. आपण मेडिकलमधून कापूस आणू, टरफलांत चिकटवू. कुणाला कळणार पण नाही."

ती माझ्यापासून दूर झाली. "नको बाई. फुटतेत ती."

"काय फुटतं?"

"बोंडं. ऊन दिलं की फुटतेत. आमी ढीग लावतो ना पऱ्हाटीचा, त्याच्यावर बी फुटतेत. मग आई पुन्ना येचती."

माझं बालपण सेलूचं. वडील तिथे जिनिंगमध्ये कारकून होते. कापूस मी आयुष्यभर पाहिलाय, पण ढिगात. डोंगराएवढ्या ढिगांवर आम्ही उड्या मारायचो. तोडलेल्या झाडावरचं मिटलेलं बोंड आपोआप उघडतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला पटलंही नाही. पण सहा महिन्यांत ती माझ्याशी इतकी वाक्यं बोललीच नव्हती. मी म्हटलं, "बरं. तू सांगशील तसं."

मग तिने सांगायला सुरुवात केली. चारी पऱ्हाट्या एकत्र बांधून रंगाच्या रिकाम्या डब्यात काळ्या मातीत रोवल्या. सकाळी गाडीतून उतरली की ती दोघांना हाक मारायची आणि डबा मैदानावरच्या उन्हात जायचा. ऊन सरकलं की डबा सरकवायचा. शाळा सुटताना वर्गात आणायचा, दव लागू द्यायचं नाही. पाळ्या तिनेच लावल्या. कुणी पाणी घालायला गेलं की ओरडायची, "पाणी नको! वाळू दे!" झाडाला पाणी घालू नका असं सांगणारी वर्गाला पहिल्यांदाच भेटली होती.

तिसऱ्या दिवशी एका बोंडाला फट पडली. सगळे वाकून बघायला लागले आणि आतून एक गुलाबी अळी डोकावली. वर्गात अशी किंकाळी फुटली की शेजारून अ च्या मॅडम धावत आल्या. त्या मुलीने अळी चिमटीत धरली, बाहेर टाकली आणि ते बोंड तोडून फेकलं. "किडकं होतं. बाकीची चांगली हायेत," ती शांतपणे म्हणाली. तेव्हापासून मुलं बोंडांबद्दलची प्रत्येक शंका मला सोडून तिला विचारायला लागली.

आणि मग आभाळ आलं. आमच्याकडे डिसेंबरात असं होतं, दोन-तीन दिवस राखाडी ढग बसून राहतात. डबा बाहेर जायचा आणि जसाच्या तसा आत यायचा. बोंडं घट्ट मिटलेली. कार्यक्रमाला तीन दिवस उरले, मग दोन. ती पुन्हा गप्प झाली. जेवताना सुद्धा तिचं लक्ष आभाळाकडे. तिच्या आईला मी कार्यक्रमाला बोलावलं होतं आणि आई येणार ते पोरीचा निकाल लावायला, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी एक खोटेपणा केला. मेडिकलमधून निळ्या कागदातली कापसाची गुंडाळी आणून पर्समध्ये ठेवली. वेळ आलीच तर मुलांच्या आधी येऊन चिकटवून टाकायचा, असा माझा बेत होता. तिला कळलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

आदल्या दिवशी दुपारी ढग फाटले. कडक, स्वच्छ ऊन पडलं. शाळा सुटायच्या वेळेला पाळीवरचा मुलगा धावत आला, धाप लागलेली, "मॅडम, फुटायलंय! एक फुटायलंय!" शहरातलं पोर, डॉक्टरांचा मुलगा, आणि 'फुटायलंय' म्हणत होता. आम्ही सगळे बाहेर पळालो. एका बोंडाच्या शिवणी उकलल्या होत्या आणि आतून ओलसर पांढरं टोक दिसत होतं. मी त्या मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "म्हणलं व्हतं ना बाई."

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून ऊन होतं. मुलांनी डबा मैदानाच्या मधोमध ठेवला आणि भोवती रिंगण करून बसली. सावली पडू नये म्हणून कुणाला जवळ येऊ देत नव्हती. मुख्याध्यापक मॅडमना सुद्धा "मॅडम, जरा बाजूला, ऊन अडतंय" असं ऐकावं लागलं. एक उकललं, दुसरं, मग तिसरं. मोजणी मोठ्याने चालली होती. बोंड उकललं की आधी कापूस ओला, चिकटलेला असतो, मग ऊन पिऊन फुगतो आणि बाहेर ओसंडतो. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, परभणी जिल्ह्यात जन्मून. अकरा वाजेपर्यंत झाड पांढरं झालं होतं. पुरतं नाही, काही बोंडं अजून अर्धवट होती. पण त्यामुळेच ते जिवंत वाटत होतं. अ च्या मॅडम आल्या, बोटाने हळूच एक बोंड चाचपलं आणि म्हणाल्या, "खरंच आहे गं हे." त्या दिवशी आम्ही डबा एकत्र खाल्ला.

मुख्याध्यापक मॅडमनी दुसरीकडे बघितलंच नाही. डबा स्टेजजवळ गेला. वर गणपतीवाल्या चांदण्या, खाली बैलगाडीतला सांताक्लॉज, आणि शेजारी माझी मुलं रांगेत. ती पुढच्या रांगेत मध्ये उभी, मीच उभी केली होती. पालक समोर बसले होते. तिची आई उशिरा आली, गाडी चुकली असावी. बसायला जागा शोधत बाजूने पुढे आली ती थेट झाडापाशी. झाड बघून तिचा चेहरा उजळला. आणि मग तिचा हात उठला.

त्या बाईने मुद्दाम काही केलं नाही. समोर टपोरं फुटलेलं बोंड होतं आणि तिच्या हातांना ते तसं सोडून पुढे जाणं माहीतच नव्हतं. एका हाताने फांदी धरली, दुसऱ्याच्या तीन बोटांनी बोंड असं साफ केलं की माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत हात दुसऱ्या बोंडावर गेला होता.

"आई! येचू नकोस! आमचं हाय ते! येचू नकोस!"

अख्ख्या मैदानाला ऐकू गेलं. जूनपासून मान हलवणारी पोरगी, रांग सोडून, हात पसरून झाडापुढे उभी. मला वाटलं, झालं, आता हसतील आणि हिचं इथलं शिक्षण आज संपलं. आणि हसले सुद्धा, पालक हसले, मॅडम हसल्या. पण माझी तिसरी ब हसली नाही. ती सगळी रांग मोडून तिच्या शेजारी धावली आणि एकसुरात ओरडायला लागली, "येचू नका! येचू नका! येचू नका!" डॉक्टरांचा मुलगा सगळ्यात मोठ्याने. तेव्हा ती पण हसली, सगळ्यांबरोबर.

आईने मुठीतल्या कापसाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मग हसत हसत तिने तो कापूस परत टरफलात बसवायचा प्रयत्न केला. तो काही नीट बसला नाही, एका बाजूने लोंबत राहिला. गाणं संपेपर्यंत ती दोन्ही हात पाठीमागे धरून उभी होती.

कार्यक्रम संपल्यावर ती माझ्याकडे आली. तिच्या मागे मैदानात तिची पोरगी पाच-सहा जणींच्या मध्ये उभी राहून काहीतरी हातवारे करून सांगत होती, बहुतेक अळीचं.

"मॅडम," आई म्हणाली, "ही घरात बी एवढ्या मोठ्यानं माझ्यावर वरडत न्हाई."

"रागावू नका तिच्यावर," मी म्हणाले.

"रागावू कशाला? सोताच्या घरात असल्यावानी वरडली की." तिने वळून पोरीकडे पाहिलं. "राहू द्या हितंच. पुढच्या वर्षी पऱ्हाटी न येचता देते."

जानेवारीच्या पहिल्या दिवशी मी हजेरी घेतली. तिचं नाव आलं तेव्हा हात वर झाला नाही. "हजर, बाई!" असा आवाज आला, जूनमधल्या पहिल्या दिवसासारखा खणखणीत. तिच्यापुढचं नाव डॉक्टरांच्या मुलाचं होतं. तोही उठला आणि म्हणाला, "हजर, बाई."